लाकडी लिंबू

डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, अंगात बाह्यांचं बनियन, कमरेला चौकड्याची लुंगी आणि हातात वाळलेल्या कुरडयांचं ताट. आमच्या घरमालकांचं पहिलं दर्शन मला असं घडलं. मला जळगावला टेलिफोन खात्यात नुकतीच नोकरी लागली होती आणि मी खोली शोधत फिरत होतो. फाटक उघडलं तर समोर हे. कपाळावरून नाकापर्यंत उतरलेली लोखंडी पट्टी, कानांवरून मानेपर्यंत लोंबणारी कड्यांची जाळी आणि माथ्यावर बोटभर टोक. मी उघडलेलं फाटक परत लावून घेतलं.

"खोली बघायला आलात ना?" शिरस्त्राणातून आवाज आला. "या, या. फक्त कडुनिंबाखाली थांबू नका. कावळे माजलेत."

झालं होतं असं, की टीव्हीचा अँटेना बसवताना त्यांच्या हातून कावळ्याचं घरटं पडलं होतं. कावळ्यांनी ते मनात ठेवलं. घरातल्या बाकी कुणाला ते काही करत नसत, पण हे अंगणात आले की थेट टाळूवर चोच. छत्री करून पाहिली, टोपी करून पाहिली. शेवटी त्यांनी भिंतीवरचं शिरस्त्राण उतरवलं.

"इराणातलं आहे," ते मला म्हणाले. "घोड्यावरच्या माणसाचा वार झेलायला केलेलं. कावळा म्हणजे त्याच्या खिसगणतीतही नाही."

मी खोली तिथंच घेतली. असला मालक सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे करंटेपणा झाला असता.

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. आबा रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी भुसावळात. गाडी घेऊन बुरहाणपूर, खंडवा, इटारसीकडे जायचं आणि परत यायचं. बाकीचे गार्ड बुरहाणपूरहून माव्याची जिलेबी आणायचे, आबा कट्यार आणायचे. जुन्या बाजारात, भंगारात, एखाद्या पडक्या हवेलीच्या वारसाकडे काय काय निघायचं. इराणी, तुर्की, मोगली, दख्खनी, असं ज्या ज्या मुलखात कधीकाळी सुलतान नांदले तिथलं पातं आबांना प्यारं. वाचून, विचारून त्यांनी ज्ञानही बरंच जमवलं होतं. घरात गणपतीच्या फोटोशेजारी एक वाकडी समशेर, तिच्याखाली कड्यांचं चिलखत आणि दाराच्या मागे, जिथं लोक छत्री लावतात तिथं, एक लांबलचक भाला. शिरस्त्राणाच्या काठावर अरबीत काही कोरलेलं होतं. ते देवाचं नाव आहे असं मशिदीजवळच्या अत्तरवाल्या चाचांनी वाचून सांगितल्यापासून आबा हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नसत आणि ते जमिनीवर टेकवत नसत. कावळ्यांसाठी निघतानाही आधी हात धुणार, मग लढाई.

त्यांचा एक कायदा होता. "मूठ पुढे, टोक मागे." कुणाला हत्यार देताना मूठ घेणाऱ्याकडे हवी. हा कायदा पुढे सुरीला लागला, मग कात्रीला, मग पेन्सिलीला. मी एकदा त्यांना छत्री दिली ती टोकाकडून. आबांनी ती घेतली नाही. मी फिरवून परत दिली तेव्हा घेतली. तोवर आम्ही दोघंही भिजलो होतो.

आणि दुसरं म्हणजे त्यांचं गार्डपण. नोकरी संपली तरी खिशात शिट्टी असायचीच आणि ओट्यावरच्या कोनाड्यात दोन झेंड्या, एक लाल आणि एक हिरवी. सकाळी मी ड्यूटीला निघालो की आबा ओट्यावर उभे. मला नखशिखांत न्याहाळायचे. डबा घेतला, चष्मा घेतला, सायकलच्या चाकात हवा आहे, असं सगळं ठीक असलं की शिट्टी वाजवून हिरवी झेंडी. काही राहिलं असेल तर लाल. लाल झेंडी दिसली की मी फाटकाशी थांबून खिसे चाचपत बसायचो. काय राहिलं ते आबा सांगत नसत. "सिग्नलनं कारण सांगायचं नसतं," म्हणायचे.

पावसाळा संपला की चिलखत घासायचा सोहळा असे. कड्यांचं चिलखत घासायचं म्हणजे एकेक कडी हातात घेऊन भागत नाही. आबा एका लोखंडी ड्रममध्ये चिलखत घालायचे, त्यात गिरणेची कोरडी वाळू ओतायचे, झाकण ठोकायचे आणि ड्रम आडवा करून गल्लीतून लोटत न्यायचे. कडी कडीवर घासली जाते, मध्ये वाळू, की गंज गेलाच. जुन्या काळी असंच करत, म्हणायचे. त्या खळखळाटानं सगळी गल्ली दाराशी यायची. नव्यानं राहायला आलेल्या बाया कल्हईवाला आला समजून पातेली घेऊन बाहेर येत. एकीचं पातेलं आबांनी खरोखरच आत टाकून दिलं. ते गंजाबरोबर कल्हईही घालवून बाहेर आलं.

टीव्हीवर त्या दिवसांत तलवारींच्या मालिका फार. आमच्याकडचा टीव्ही बिघडला की आबा शेजारी जात. पण शेजाऱ्यांना ते जड जाई. ऐन रंगात आलेल्या लढाईत आबा ओरडायचे, "अरे, ढाल उलटी धरली! मेला हा!" किंवा, "ही तलवार पत्र्याची आहे, बघा, वाऱ्यानं लवतेय!" शेवटी शेजाऱ्यांनी हात जोडून सांगितलं, आबा, तुम्ही खिडकीतून बघत जा. आबा खिडकीतून बघू लागले. पण खिडकी टीव्हीच्या मागच्या बाजूला होती, त्यामुळे ते नुसते ऐकायचे आणि खणखणाटावरून चुका काढायचे.

पोलादाचा विषय निघाला की मात्र आबा हळू आवाजात बोलत. "लोक दमास्कसचं पोलाद, दमास्कसचं पोलाद करतात. अरे, ती लोखंडाची ढेपळी आपल्या दख्खनची. व्यापारी उंटावर, गलबतावर घालून इराणात न्यायचे. तिकडचे लोहार त्याची पाती घडवायचे आणि आपलेच सरदार ती परत विकत घ्यायचे. खान्देशातला कापूस गिरणीत जातो आणि आपण त्याचाच सदरा दुकानातून आणतो, तसलंच हे." खऱ्या पोलादाची ओळख म्हणजे पात्यावर दिसणाऱ्या पाण्यासारख्या लहरी. त्याला जौहर म्हणतात, हे मला आबांनीच शिकवलं. "रंगवलेल्या नव्हेत. आतल्या. लोखंडाच्या पोटातल्या."

"तुमच्याकडे आहे का असं एखादं?" मी विचारलं.

आबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, लोणच्यासाठी लिंबं चिरत होत्या. मग त्यांनी कपाटातून एक पुडकं काढलं. आत पेशकब्ज होता. सरळ, जाड पाठीचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला खंजीर, पांढऱ्या हाडाची मूठ. शत्रूच्या चिलखताच्या कडीत टोक घालायचं आणि कडी फोडायची, एवढ्यासाठीच हे हत्यार जन्माला आलेलं. पण पात्यावर लहरीबिहरी काही नव्हत्या. ते वंगणानं काळंकुट्ट होतं.

"जौहर दिसत नाही, आबा."

"निजलंय. उगाच उठवायचं नसतं."

"दाखवलं का ते माझं मशीन?" आतून अक्कांचा आवाज आला.

ती कथा जळगावात सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतर काही वर्षांनी आबा अक्कांसाठी शिलाई मशीन आणायला म्हणून पैसे घेऊन बुरहाणपूरला गेले होते. तिथे कुणी ओळखीचा स्वस्तात देणार होता. मशीन राहिलं आणि आबा पेशकब्ज घेऊन आले. "जौहरदार आहे," ते उंबऱ्यातच म्हणाले. अक्कांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "ही तुमच्या लोकोशेडातली कानस आहे. ठोकून मूठ लावलीय. फसवलं तुम्हाला." तेव्हापासून तो वाद चालू होता. अक्कांनी कुणाचं फाटलेलं हातानं शिवायला घेतलं की आबांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "कानस आहे घरात, मशीन नाही." आबा पेन्शनीत गेले, मुली सासरी गेल्या, हाताशी चार पैसेही आले, पण मशीन काही आलं नाही. मला वाटायचं, हा माणूस चिक्कू आहे. तसंही नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं.

लग्नसराई आली की आबांकडे वर्दळ सुरू व्हायची. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागेपर्यंत नवरदेवानं ती खाली ठेवायची नाही. कुणाकडे कट्यार नसली की आबांकडे यायचं. पेशकब्ज सोडून बाकीची कुठलीही कट्यार आबा आनंदानं द्यायचे. भाडं नाही, काही नाही. अट एकच होती. लिंबू लावायचं नाही.

"लिंबू म्हणजे आम्ल. आम्ल पोलाद खातं," असं सांगून ते कट्यारीबरोबर एक लाकडी लिंबू द्यायचे. सागाचं, स्वतः कोरलेलं, पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं, खाली कट्यारीच्या टोकाएवढी खाच. देठाशी हिरवा ठिपकासुद्धा. यावल, रावेर, पाचोरा, जिकडेतिकडे ते लिंबू लग्नांना जाऊन आलं होतं. अंगणातलं अक्कांचं लिंबाचं झाड फळांनी वाकलेलं आणि त्याच्याखालून नवरदेव लाकडी लिंबू घेऊन चाललेला, हे दृश्य मी पुष्कळदा पाहिलं आहे.

माझं लग्न धुळ्याच्या मुलीशी ठरलं तेव्हा आबांनी मला बोलावलं आणि पेशकब्ज माझ्या हातात ठेवला. मूठ पुढे, टोक मागे.

"आबा, हा नको. हा तुम्ही कुणाला देत नाही."

"तू कुणी नाहीस का?" आबा म्हणाले आणि वरून लाकडी लिंबू दिलं. "वंगण पुसायचं नाही. लिंबू हेच. मी आणि अक्का लग्नाच्या दिवशी सकाळी तुझ्या गावी येतो. वऱ्हाडाची बस मी रवाना करणार. शिट्टी, झेंडी, सगळं घेऊन."

आमचं गाव चोपड्याजवळ. हळदीच्या दिवशी मायच्या हातात मी ते पुडकं दिलं आणि इथून सगळं बिघडलं. मायनं वंगणानं माखलेला पेशकब्ज दोन बोटांत धरला.

"हाई कट्यार शे का चुल्हानी उलथनी?"

"आबानी देयेल शे, माय. घासनं नही. आनि लिंबू हाई लावनं." मी लाकडी लिंबू पुढे केलं.

मायनं ते लिंबू दातानं चावून पाहिलं. "लाकूडनं लिंबू? नवरदेवना हातमा लाकूडनं लिंबू? मना पोऱ्याले नजर लागी जाई, मंग?"

"आबानी सांगेल शे..."

"तुना आबा व्हतीन मोठा. पोऱ्या मना शे."

मला हळद लावायला बायांनी पाटावर दाबून बसवलं होतं, उठायची सोय नव्हती. मागच्या अंगणातून नुसता आवाज येत होता. विटेचा चुरा, चुलीतली राख, वर नारळाची शेंडी, असं घेऊन माय देवाची भांडी घासावीत तसा तो पेशकब्ज घासत होती. संध्याकाळी तो माझ्या हातात आला तेव्हा लखलखत होता आणि टोकाला हे एवढं रसरशीत लिंबू होतं. रस पात्यावरून ओघळत मुठीकडे चालला होता. कुणाच्या घरी आग लागावी आणि आपण मुंडावळ्या बांधून बसावं, तसं मला झालं.

सकाळी आबा आणि अक्का एसटीनं उतरले. आबांनी रेल्वेचा जुना पांढरा कोट घातला होता. ते हसत पुढे आले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचं हसणं जागच्या जागी थांबलं. रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. ते पार घाबरले होते. मी त्या माणसाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"देखा आबा," माय कौतुकानं म्हणाली, "बठ्ठं वंगन काढी टाकं मी. कशी चकचक करी ऱ्हायनी!"

"लिंबू काढा," आबा कसेबसे म्हणाले.

"आते? लगन लागाशिवाय लिंबू काढता येस नही. अपशकुन ऱ्हास."

बस निघाली. शिट्टी वाजली नाही, झेंडी दिसली नाही. आबा माझ्या समोरच्या बाकावर बसून लिंबाकडे बघत राहिले. अमळनेरच्या रस्त्याला खड्डे भरपूर, प्रत्येक खड्ड्याला लिंबू हलायचं, एक थेंब पात्यावर उतरायचा आणि आबा डोळे मिटायचे. अक्कांनी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. पोरं नाचत होती, बाया गाणी म्हणत होत्या आणि धुळं येईपर्यंत तो माणूस थेंब मोजत होता. मला लग्नाचं सोडून त्याचंच ओझं झालं होतं.

अक्षता पडल्या, लग्न लागलं. मायनं लिंबू उपटून काढलं आणि ओवाळून टाकलं. आबा मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभे होते.

"तूच बघ," ते अक्कांना म्हणाले. "मी नाही बघत."

अक्कांनी पेशकब्ज माझ्या हातातून घेतला, पदरानं पातं पुसलं आणि उजेडाकडे धरलं. अक्का गप्प आहेत हे आबांना सोसेना.

"कानसच ना?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"अहो, इकडे बघा."

तापीचं पाणी ओसरलं की काठच्या वाळूवर बारीक लहरी राहतात. तशाच लहरी त्या पात्यावर होत्या. करड्या पात्यावर पांढऱ्या, एकीत एक गुंतलेल्या, टोकापासून रस जिथवर ओघळला होता तिथवर. त्याच्या वर, मुठीजवळ, पातं कोरंच होतं. आबा खाली सतरंजीवर बसले. मुंडावळ्या सावरत मीही त्यांच्या शेजारी बसलो. माझी नवी नवरी हे सगळं तोंड उघडं ठेवून बघत होती.

"आबा, लिंबानं वाटोळं होतं म्हणाला होतात ना तुम्ही?"

"लिंबानंच तर कळतं रे," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. "घासून आंबट लावलं की असेल तर जौहर उठतं, नसेल तर नुसता काळा डाग पडतो. त्या बुरहाणपूरवाल्यानं त्याच दिवशी लिंबू पुढे केलं होतं. साब, चोळून बघा, म्हणाला. मी म्हटलं, नको, विश्वास आहे. आणि गाडीत बसल्यावर विश्वास गेला."

"म्हणजे," अक्का म्हणाल्या, "माझ्या दारात लिंबाचं झाड, मी दरसाल बरण्या बरण्या लोणचं घालतेय आणि तुम्ही..."

"डाग पडला असता तर?"

"तर काय? मशीन आणलं असतं."

"तेच ना. मग ते रोज खटखट करून मला गाढव म्हणालं असतं."

मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की सांगता येत नाही. एका कट्यारीची शंका झाकायला या माणसानं अख्ख्या जिल्ह्यातल्या नवरदेवांना लाकडी लिंबू धरायला लावलं होतं.

आम्ही जळगावला परतलो त्याच आठवड्यात हातगाडीवरून शिलाई मशीन आलं. नवं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायानं चालवायचं. दुकानापासून घरापर्यंत आबा गाडीच्या मागोमाग हिरवी झेंडी धरून चालत आले. आता ते जिंकलेले होते. जिंकलेला माणूस मशीन आणू शकतो.

अक्कांच्या डोळ्यांना आताशा सुईचं नेढं दिसत नसे, म्हणून दोरा आबा ओवून द्यायचे. चार-पाच दिवसांनी मी ड्यूटीला निघालो तर आबा ओट्यावर नुसताच हात हलवताना दिसले. कोनाडा रिकामा होता.

"झेंड्या कुठे गेल्या?"

आबांनी आत बोट दाखवलं. भिंतीवर खिळ्याला पेशकब्जाची नवी गवसणी टांगलेली होती. अक्कांनी मशीनवर पहिली शिवलेली वस्तू ती. दोन्ही झेंड्यांची, दुहेरी, बाहेरून लाल, आतून हिरवी.

"लाल बाहेर ठेवलीय," अक्का म्हणाल्या. "पुन्हा कधी काही घ्यायला निघालात, तर आधी तिच्याकडे बघायचं."

आबांनी मान डोलावली. नोकरीत त्यांनी एकदाही लाल झेंडी मोडलेली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात केळीच्या ट्रकमधून रावेरचे एक जण घरी आले. त्यांच्याकडे पोत्यात गुंडाळलेली ढाल होती. गेंड्याच्या कातड्याची, मध्यभागी चार पोलादी फुलं आणि त्यांवर फारसी अक्षरं. मी तिथंच होतो. आबांनी हात धुतले, ढाल मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं. आतल्या खोलीत मशीन चालू होतं.

"घ्यायची तर घ्या, आबा," रावेरकर म्हणाले. "नाहीतर आमची पोरं हिच्यावर केळ्यांचे घड ठेवतात."

आबांनी भिंतीकडे पाहिलं. लाल गवसणी. मग त्यांनी ढाल पुन्हा पोत्यात सरकवली आणि पोत्याचं तोंड स्वतःच्या हातानं दुमडलं.

"नको," ते म्हणाले. "सिग्नल नाही."

मशीनचा आवाज थांबला. अक्का बाहेर आल्या. पोत्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आबा गाडी चुकलेल्या माणसासारखे बसले होते. अक्कांनी खिळ्यावरून गवसणी काढली, पेशकब्ज बाहेर घेऊन माझ्या हातात दिला, मूठ पुढे. मग गवसणीत हात घालून ती उलटी केली, हिरवी बाजू वर काढली, पुन्हा खिळ्याला टांगली आणि मशीनवर जाऊन बसल्या.

आबांनी खिशातून शिट्टी काढली आणि अशी जोरात वाजवली की रावेरकर दचकून उभेच राहिले.